तिथं एकदाच विचारतात

मी वरणाचा डाव बोलतोय. पितळेचा, हातभर दांड्याचा, वाकड्या मानेचा. सध्या मुक्काम नेदरलँड्स देशात, डेव्हेंटर नावाच्या गावी, योगिनीच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या खिळ्यावर. मूळ गाव सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा. पासपोर्ट नाही. मला कोणी विचारलाही नाही.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मी जेवत नाही. आयुष्यभर वाढलं, पण एक घोट पोटात राहिला नाही. आलं ते पुढच्याच्या ताटात गेलं. त्यामुळे खाणाऱ्यांचे रागलोभ मला फारसे लागत नाहीत. कोण खाऊन लाजतं, कोण न खाता फुगतं, हे मी ताटाच्या वरूनच बघत आलो.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते आठवत नाही. वितळलेल्याला काय आठवणार! आठवतं ते संग्रामपूरच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान आणि तिथं बसलेला, डोळ्याला भिंग लावून नावं कोरणारा म्हातारा. त्यानं माझ्या दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं, ‘चि. सौ. कां. तानुबाईस मामाकडून’. टोचलं खूप, पण नाव मिळालं. तेवढ्या नावावर मी सोनाळ्याच्या एका शेतकरी घरात तानुबाईच्या आंदणात आलो आणि तिथलाच झालो.

तानुबाई अंगानं काडी, पण पंगतीत उतरली की भारी बाई. रोडग्यांचं जेवण असलं की मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी तिखटजाळ व्हायची, आणि मी वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, बुडी मारून तयार. मग तानुबाई मला घेऊन ओळीतून निघायची. तिचा नियम एकच होता, पान रिकामं दिसता कामा नये. पाहुण्याचा पहिला ‘नको’ हा संस्कार, दुसरा ‘नको’ हा संकोच, आणि तिसरा ऐकल्यावर वाढणाऱ्यानं फार तर धार जराशी बारीक करायची. थांबायचं नाही. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वरण सोडायचं. ती मला असं काही तिरपं करायची की हात कोरडा राहावा आणि रोडगा भिजावा. त्या कलेत मी तिच्या बरोबरीचा भागीदार होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

नवी सून सिंधूताई घरात आली, तेव्हा तानुबाईनं मला तिच्या हातात देऊन पहिला धडा दिला.

“नको म्हंते थो हात बोलते, बाई. पोट नाई बोलत. तू पोटाले इचारत जा.”

आता हा झाला वाढणाऱ्याचा धर्म. खाणाऱ्याचाही एक धर्म होताच. पहिल्यांदा विचारल्यावर ‘हो’ म्हणायचं नाही. म्हटलं की माणूस हावरा. त्यातून बाईमाणूस असेल तर बोलायलाच नको. एकदा वडनेर भोलजीचे व्याही, रंगराव, आमच्याकडे जेवायला बसले होते. त्यांनी रीतीप्रमाणे दोनदा ‘नको’ म्हटलं आणि तिसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले. नेमकं तेव्हाच गोठ्यात गाय सुटली. वाढणारा तिकडं धावला, तिसरं विचारणं राहून गेलं. रंगराव अर्धपोटी उठले, हात धुतले, विडा खाल्ला, गोड बोलून गेले. पुढं कित्येक वर्षं वडनेरात म्हण झाली होती, ‘सोनाळ्याले जेवाले जा, पण घरून जेवून जा.’

सिंधूताईची योगिनी लहान होती तेव्हाची गोष्ट. शेजारच्या बारशाच्या पंगतीला मला मागून नेलं होतं, म्हणून मी हजर. शेजारणीनं पोरीला विचारलं, “लाडू देऊ का वं?” पोरगी चटकन म्हणाली, “हाव!” सिंधूताईनं मागून तिच्या दंडाला बारीकसा चिमटा काढला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, लाडू हातातच राहिला. त्यानंतर योगिनी कधी पहिल्यांदा ‘हाव’ म्हणाली नाही. हुशार पोरगी, एका चिमट्यात शिकली.

पुढं माझे दिवस फिरले. घरात हलके स्टीलचे डाव आले. लग्नांत लोक हातात ताटं घेऊन रांगेत उभे राहू लागले. ज्याचं त्यानं घ्यायचं असल्यावर आग्रह कोण कुणाला करणार? तानुबाई गेली. मी चुलीमागच्या खुंटीवर काळा पडत गेलो. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण पितळ काळं पडतं म्हणजे काही मरत नाही. घासायला कोणी आलं की झालं.

आली ती सिंधूताईच. योगिनी शिकून इंजिनिअर झाली, शिवमशी लग्न करून नेदरलँड्सला गेली, आणि आता तिला दिवस गेले होते. आई बाळंतपणाला निघाली. चिंचेनं घासून, कल्हई करून तिनं मला बॅगेत तुरीच्या डाळीच्या पिशवीत उभं खुपसलं. तिचे यजमान गुलाबराव दारात उभे राहून बघत होते.

“थ्या देशात चमचे नाई भेटत का?” त्यांनी विचारलं.

“चमचे भेटतीन,” सिंधूताई म्हणाली. “वाढनारं कोनी भेटीन का, थे पाहाले जाऊन राह्यली मी.”

तिथं पोचल्यावर तिला जे दिसलं ते तिनं पहिल्याच दिवशी फोनवर गुलाबरावांना सांगितलं. घर नेटकं. खिडक्या भिंतीएवढ्या, आणि त्यांना पडदे नाहीत! रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातली कढईसुद्धा दिसावी. पण आत कोणी येत नाही. जावई कामाला समुद्रातल्या पवनचक्क्यांवर. काही आठवडे तिकडे, मग तेवढेच घरी. तो तिकडे असला की पोरगी एकटी. दारावरची घंटा दिवसभर वाजत नाही.

“शेजारी कोनी नाई का?” सिंधूताईनं योगिनीला विचारलं.

“हाय नं. विल्मा. टपाल वाटायची, आता रिटायर झाली. चांगली हाय बाई. आम्ही आलो तवा सुरुवातीले इचारे, काही पाहिजे का म्हणून. मंग नाई इचारलं तिनं.”

“काऊन?”

“काय माईत. इथं कोनी कोनाच्या घरात घुसत नाई, आई.”

सिंधूताईच्या हाताला काळजी लागली हे मला कळलं. ती मला धुताना फार वेळ धूत राहिली. आपण काही महिन्यांनी परत जाणार. मग ही पोरगी, तान्हं लेकरू आणि समुद्रावरचा नवरा. हिच्या दुखण्याखुपण्याला कोण? तिनं मनाशी ठरवलं की जायच्या आत त्या शेजारणीला आपलंसं करून टाकायचं. आपलंसं करायची तिला एकच रीत ठाऊक होती, आणि ती रीत खिळ्यावर लटकली होती.

पण पहिलं बोलावणं विल्माकडूनच आलं. चार दिवस आधी वेळ ठरवून, कॉफीला. मायलेकी गेल्या. मी गेलो नाही, पण आल्या आल्या सिंधूताईनं पदरानं वारा घेत गुलाबरावांना फोन लावला, त्यामुळे मला सगळं कळलं.

“अहो, तिनं बिस्किटाचा डब्बा पुढं केला. चांगली लोन्याची बिस्किटं. म्या म्हटलं, नको. आपून म्हंतोच नं? तं तिनं डब्बा बंद केला!”

“बंद केला?”

“झाकन लावलं! टप्पकन! अन् डब्बा उचलून फडताळात ठेवून देल्ला. माह्या डोयासमोर!”

गुलाबराव म्हणाले, “पोरीनं घेतलं का बिस्किट?”

“तिनंबी नकोच म्हटलं. कोरी कॉफी पिऊन आलो दोघी.”

माझं मत विचाराल तर त्या विल्मानं काही वाईट केलं नव्हतं. तिनं विचारलं, हिनं नाही म्हटलं, विषय संपला. पण हे मला जेवायचं नाही म्हणून सुचतं. सिंधूताईला ते झाकण फार लागलं. कितीतरी दिवस भांडी आवरताना ती मधूनच म्हणायची, “टप्पकन लावलं!”

बाळ झालं. मुलगी. शिवम तेवढ्यापुरता घरी होता, मग गेला. तिथल्या रीतीनं बाळ बघायला येणाऱ्याला कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून, वर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या पेरून देतात. योगिनीनं तेही आणून ठेवलं होतं. विल्मा यायची वेळ ठरली. सिंधूताईनं त्या टोस्टांकडे एकदा पाहिलं आणि डबा बाजूला सारला.

“लेकराच्या बारशाले कोनी गोया चघळते का? म्या रोडगे करतो.”

सकाळपासून ओव्हन म्हणतात त्या भट्टीच्या कपाटात रोडगे भाजले. गोवऱ्यांचा धूर नाही, तरी त्यातल्या त्यात जमले. वांगी मिळाली ती भोपळ्याएवढी. त्यांचीही भाजी झाली. वरण शिजलं आणि कित्येक वर्षांनी मी त्यात बुडालो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. भांड्यालाही आपलं काम हातात आलं की बरं वाटतं.

विल्मा आली. उंच, पांढरे आखूड केस, पायात मजबूत बूट, ते तिनं दारात काढले. बाळासाठी स्वतः विणलेले पायमोजे आणले होते. कॉफीच्या वेळेला आली होती, घरून जेवून; पुढं ताट बघून तिच्या भुवया वर गेल्या, पण बसली. रोडगा खाल्ला. तिखटानं नाक लाल झालं, तरी तिनं ताट पुसून साफ केलं.

इथं एक गोष्ट मला मागाहून कळली. तिच्या आईनं दुसऱ्या महायुद्धातला तिथला उपासमारीचा हिवाळा पाहिला होता. त्या घरात ताटात कण टाकणं हे पाप. आणि आमच्या सोनाळ्यात रिकामं ताट म्हणजे पाहुणा भुकेला. तेव्हा ती ताट साफ करी आणि सिंधूताई ते भरी. विल्मानं ‘ने’ म्हटलं. ‘ने’ म्हणजे त्यांच्या भाषेत नाही. मी वाढलं. तिनं मुकाट्यानं संपवलं आणि पुन्हा ‘ने’ म्हटलं, जरा हसून. मी वाढलं. तेही तिनं संपवलं, आता न हसता. तिसऱ्यांदा ती ‘ने’ म्हणाली आणि ताटावर हात आडवा धरला.

सिंधूताईचा चेहरा उजळला. तिच्या लेखी आता कुठं पंगत रंगात आली होती. तिनं मला तिरपं केलं. पण तानुबाईची कला तानुबाईबरोबर गेली होती म्हणा, नाहीतर विल्माच्या बोटांना फट नव्हती म्हणा. कढत वरण तिच्या बोटांवर पडलं.

ती ओरडून उठली. खुर्ची मागं पडली. नळाखाली हात धरून ती योगिनीशी काहीतरी बोलली, आवाज न चढवता, आणि बूट घालून निघून गेली. पायमोजे टेबलावर राहिले.

“काय म्हने थे?” सिंधूताईनं विचारलं. मी अजून तिच्या हातातच होतो, ठिबकत.

“म्हने, म्या तीनदा नाई म्हटलं. तुही आई माहं ऐकत काऊन नाई?” योगिनी म्हणाली आणि तिचं रडू फुटलं. “आई, तू जाशीन निंगून! शिवम समुद्रात. थ्या भिंतीच्या पलीकडं एक मानूस होतं माह्यासाठी. एकच होतं!”

सिंधूताई खाली बसली. तिला राग आला होता की लाज वाटत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. “म्या काय वैरी म्हणून वाढलं का?” एवढंच ती म्हणाली, आणि मग तीही रडली. बाळ रडतच होतं. त्या घरात त्या वेळी कोरडा असा कोणीच नव्हता, मीसुद्धा.

सोनाळ्यात असं झालं असतं तर पुढचं सगळं ठरलेलं असतं. ती बाई वर्षभर या घराची पायरी चढली नसती. पाणवठ्यावर तोंड फिरवलं असतं. मग कुणाच्या तरी लग्नात एखाद्या म्हातारीनं दोघींचे हात हातात देऊन समेट केला असता. सिंधूताईनंही तेवढाच हिशेब धरला, आणि वर्षभर थांबायला ती इथं असणार नव्हती.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी घंटा वाजली. विल्मा. बोटांना पट्टी, आणि काखेत तोच बिस्किटांचा डबा.

आत येऊन बसली आणि तिनं सरळ सांगितलं, योगिनीनं ते आईला सांगितलं. “थे म्हंते, काल मले तुह्या आईचा राग आला होता. रात्रभर होता. थे सांगाले आली मी.”

सिंधूताई बघतच राहिली. “राग आला थे तोंडावर येऊन सांगते?”

“अन् पुढं इचारते का तुम्ही असं काऊन केलं. भांडाले नाई इचारत. तिले समजून घ्याचं हाय.”

मग सिंधूताईनं सांगितलं. पहिला नको, दुसरा नको, तिसरा नको. रंगराव व्याह्यांची गोष्टही सांगितली. योगिनी वाक्यावाक्याला थांबून तिच्या भाषेत करत होती. विल्मा कुठं हसली नाही. टपाल वाटणारी बाई. चुकीच्या दारी काय पडलं ते शोधायची तिला सवय असावी. मग तिनं सिंधूताईकडे न बघता योगिनीकडे बघून हळूच काहीतरी विचारलं.

योगिनीनं ते भाषांतर केलं नाही.

“काय म्हंते थे?” सिंधूताई म्हणाली. “सांग नं वं.”

योगिनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “थे म्हंते... आम्ही आलो थ्या पहिल्या हिवाळ्यात मले ताप आल्ता. शिवम नव्हता. हिनं दारात येऊन इचारलं होतं, काही आणू का, बसू का जवळ. म्या नाई म्हटलं होतं. थे इचारते, का थो ‘नाई’... तुह्या गावचा ‘नाई’ होता का?”

“मंग? होता का?”

“हाव,” योगिनी म्हणाली. “म्या दारामांगं उभी राह्यली होती, आई. लय वेळ. वाटलं, आता अजून एक डाव इचारीन. तिच्या बुटाचा आवाज दूर दूर गेला.”

विल्मानं आपल्या पट्टीच्या हातानं तोंड झाकलं. मग ती जे बोलली ते योगिनीनं अडखळत सांगितलं. इथं माणसानं नाही म्हटलं की त्याचं नाही खरं मानतात. पुन्हा विचारणं म्हणजे तू खोटं बोलतेस असं म्हणणं. मी तुझा मान राखला. मला वाटलं, या पोरीला माझी गरज नाही, म्हणून मी विचारायचं सोडलं.

सिंधूताई उठून योगिनीच्या मागं गेली. जिथं पूर्वी चिमटा काढला होता तिथंच, त्याच दंडावर, तिनं हात ठेवला आणि चोळत राहिली. “माय वं,” ती म्हणाली. “एवढी कशी वं शिकली तू.”

मग ती विल्माकडे वळली. तिची भाषा विल्माला येत नव्हती, पण ती थेट तिच्याशीच बोलली. “इल्माबाई, माह्या पोरीले एकदाच नका इचारू. दोनदा इचारजा. पहिलं थे आमच्या गावाले सांगते. दुसरं तुमाले सांगीन.”

योगिनीनं हे सांगताना मान वर केली नाही. विल्मानं ऐकलं, विचार केला, आणि होकाराची मान हलवली. मग तिनं एक बोट वर केलं, पट्टीचं. तिचीही एक अट होती. “मी नाही म्हटलं, तर तुम्ही मात्र पहिल्यांदाच ऐकायचं.”

“हे अवघड हाय,” सिंधूताई म्हणाली. “पण पाहू.”

विल्मानं डबा उघडला आणि सिंधूताईपुढं धरला. तिचे कान लाल झाले. सगळं सोनाळा मागं उभं राहून बघतंय असं तिला वाटत असावं. “हाव,” ती म्हणाली, आणि एक बिस्किट घेतलं. पहिल्याच विचारण्याला! पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एवढं धाडस लागलं.

आता माझी पाळी होती. सिंधूताईनं कालचं वरण गरम केलं, मला काठोकाठ भरलं, विल्माच्या पुढ्यात नेलं आणि भुवईनंच विचारलं.

“ने,” विल्मा म्हणाली.

मी हवेत थांबलो. सिंधूताईनं दांडा घट्ट धरला होता. त्या हातात तानुबाई होती, तानुबाईची सासू होती, पंगतींच्या पंगती होत्या. मग ती वळली आणि तिनं मला गंजात परत रिकामं केलं. ताटापर्यंत जाऊन मी कधी भरलेला परत आलो नव्हतो. मला तो अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. समोरच्या बाईचे खांदे सैल झाले, ती मनापासून हसली, आणि मला कळलं की न वाढूनही कुणाचं पोट भरता येतं.

त्यानंतर विल्मा वरचेवर येऊ लागली. सांगूनच यायची, पण यायची. पायमोजे बाळाच्या पायात गेले. जायची वेळ आली तेव्हा सिंधूताईनं बॅग भरली आणि मला उचललं. क्षणभर छातीशी धरलं. मग खिळ्यावर परत लावलं. “तू राह्य इथी,” ती म्हणाली. माझ्याशी असं सरळ ती पहिल्यांदाच बोलली. मला तिचा हात आवडायचा. अजून आठवतो.

तिकडची खबर फोनवर येते. परवा गुलाबराव तणतणत होते. सोनाळ्यात त्यांचे मित्र जानराव जेवायला आले, त्यांनी रीतीप्रमाणे ‘नको’ म्हटलं, आणि सिंधूताईनं डाव खाली ठेवला! जानराव अर्धपोटी घरी गेले. “तुही आई तिकडून काय शिकून आली पाह्य,” गुलाबराव ओरडले. मागून सिंधूताईचा आवाज आला, “सवय लागली न जी! उद्या बलावतो त्याहिले वापस.” ज्या गावात जी रीत; दोन गावं पोटात घेऊन फिरणाऱ्याचा असा कधी कधी घोटाळा होतो.

माझं विचाराल तर एवढंच म्हणेन, परक्या मुलखात जाल तेव्हा बॅगेत डाळ न्या, लाडू न्या, पण आपला ‘नको’ तिथं तसाच चालेल असं धरून जाऊ नका. आणि कुणी परका तुमच्या दारी येऊन ‘नको’ म्हणाला, तर तो कुठल्या गावचा आहे ते आधी बघा. मी पितळेचा; माझ्या शहाणपणाची किंमत तुम्हीच करा.

आता शेवटचं. मला त्यांची भाषा येत नाही. पण इतके दिवस ऐकून दोन शब्द कळू लागलेत. ‘ने’ आणि ‘या’. ‘या’ म्हणजे हो.

काल शिवम समुद्रावर होता. तिकडे हिवाळ्यात दुपारीच दिवस मावळतो. योगिनीला ताप होता, बाळ खांद्यावर रडत होतं, चुलीवर वरण तसंच. घंटा वाजली. दारात विल्मा. तिनं बाळाकडे बघून काहीतरी विचारलं.

“ने, ने,” योगिनी म्हणाली, हसून, गावच्या रीतीनं.

विल्मानं मान हलवली आणि वळली. खिडकीला पडदा नाही. मला सगळं दिसत होतं. बूट अंगणातून चालले. कुंपणाच्या फाटकाशी तिचा हात गेला. योगिनी दारामागंच उभी होती, कपाळ लाकडाला टेकून.

बूट थांबले. मग परत आले. घंटा वाजली नाही. विल्मानं दारावर बोटांनी हलकेच टकटक केलं आणि तेच पुन्हा विचारलं. तेच शब्द, तोच आवाज.

योगिनीनं दार उघडलं.

“या,” ती म्हणाली.

विल्मानं बाळ घेतलं, योगिनीला खुर्चीत बसवलं, तिच्यापुढं ताट मांडलं, आणि मला खिळ्यावरून काढलं. गंजात बुडवून तिनं मला काठोकाठ भरलं. तिनं पाहिलं होतं कुठपर्यंत भरतात ते. योगिनीनं ताटावर हात आडवा धरला आणि रडत रडत हसली. विल्मा थांबली. मला तसाच हवेत धरून, ती तो हात बाजूला व्हायची वाट बघत राहिली.

हात बाजूला झाला.